राहून गेलेलं ‘व्हय महाराजा’

बापूकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी मालवणच्या बाजारात बांगडे घेत होतो. पिशवी तिथेच टाकून तारकर्लीला निघालो. वाटेत रडू येण्याआधी लाज आली... खरं तेच लिहितो.

हे माझे चुलतकाका. गावच्या देवळात गाऱ्हाणं तेच घालायचे. नारळ हातात धरून ते सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणार आणि प्रत्येक मागण्यावर आम्ही मागून ओरडणार, ‘व्हय महाराजा!’ मुंबईकरांच्या नोकऱ्यांपासून कोणाच्या आटलेल्या म्हशीपर्यंत काही सुटत नसे.

एकदा त्यांच्या मोबाइलवर अभिनंदनाचा मेसेज आला. वादळानंतर सरकारने नव्या होड्यांसाठी अनुदान दिलं होतं, ते एका फायनान्स कंपनीमार्फत वाटलं जायचं. त्यात काकांच्या नावावर चक्क होडी निघाली! जन्मभर माडांची राखण केलेला माणूस, होडीत पाय ठेवला की ओकायचा. ते तडक कंपनीच्या ऑफिसात गेले. ‘माझी होडी खंय आसा? बायलेक फिरवून आणतंय.’ तिथला साहेब नुसता हसला. विचारपूस केली तर गावात कागदावर अशा बऱ्याच होड्या निघाल्या, पाण्यात मात्र एकही नव्हती. काकांनी तक्रार लिहिली आणि सह्यांसाठी दारोदार फिरले. ‘तुमचा काय गेला? सरकारचे गेले,’ असं मीच त्यांना म्हणालो. ‘सरकार पैसे खंयसून आणता रे? तू काडेपेटी घेतंस, तेच्यार कर भरतंस ना, थयसून.’

आमची अडचण अशी, की देवळाच्या मंडपाचे पत्रे त्याच कंपनीने दिलेले. जत्रेला साहेबांचा सत्कार ठेवला, हार मीच घातला. मग काकांनी गाऱ्हाणं सुरू केलं. पाऊसपाणी झालं, पोरंबाळं झाली... ‘आणि जेनी लोकांचे पैसे खाल्ले आसतीत, तेंका हिशोब देवक लाय रे महाराजा!’

कोणी हूं की चूं केलं नाही. मी वर पत्र्यांकडे बघत राहिलो. काका थांबले, बराच वेळ थांबले... मग त्यांनी नारळ खाली ठेवला. पुन्हा गाऱ्हाणं घालायला ते कधी आले नाहीत. तक्रारही त्यांच्या एकट्याच्या सहीने गेली.

काका जाऊन महिना होतो न होतो, तोच चौकशीचा अधिकारी ग्रामपंचायतीत आला. तक्रारदार वारले म्हटल्यावर फाइल मिटत त्याने विचारलं, ‘यांच्या म्हणण्याला दुजोरा देणारं आहे कोणी?’ मी उठलो. ‘हो साहेब’ म्हणायचं होतं, तोंडून निघालं, ‘व्हय महाराजा!’

कोणी हसलं नाही. अधिकाऱ्याने पुढे केलेल्या कागदावर मी सही केली, पण मान वर होईना. काका त्या दिवशी एवढ्या दोन शब्दांसाठीच थांबले होते.