शिवलीलानं उचलून पाहिलेला डबा

अणदूरच्या धोंडप्पांनी तेहतीस वर्षं लाईनमनची नोकरी केली. त्यामुळं घरात इन्व्हर्टरचा विषय निघाला की त्यांना अपमान झाल्यासारखं वाटायचं. "गेलेली लाईट येतीया. जरा दम धरावा," एवढंच म्हणायचे.

यंदा लेक भैरवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि चैत्रात तिला मुलगी झाली. बाळ दवाखान्यातून घरी आलं, त्याच्या दुसऱ्याच दुपारी लाईट गेली ती चार तास. वर पत्रे तापलेले. बाळ रडून रडून लाल झालं. धोंडप्पा पुठ्ठ्यानं वारा घालत राहिले. लाईट आल्यावर स्वतःच बायकोला म्हणाले, "शिवलीला, इन्व्हर्टर तरी लाईटीवरच चार्ज व्हायचा. लाईटच चार-चार तास नसली तर? ऊन मात्र बक्कळ हाय. ते उन्हावर चार्ज व्हायचं, डब्यावाणी उचलून न्यायचं सोलारचं पावर स्टेशन मिळतंय, ते बघून येऊ."

दुसऱ्या दिवशी भैरवीजवळ शेजारच्या उमाबाईंना बसवून दोघं तुळजापूरला गेले. धोंडप्पांच्या पिशवीत टेबल फॅन आणि मिक्सर.

जाफरभाईंच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात पावर स्टेशनचे लहान, मधला, मोठा असे तीन डबे होते. जाफरभाईंनी लहान डबा पुढं केला. "अप्पा, हा घ्या. एकदम हलका. मोबाइल वीस-वीस वेळा चार्ज होतोय."

"मोबाइल ऱ्हाऊ द्या. हे लावा," म्हणत धोंडप्पांनी मिक्सर काढला. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मिक्सर एकदा घुरघुरला, डबा टीं टीं करून बंद पडला. जाफरभाई ओशाळले. धोंडप्पांचा चेहरा मात्र खुलला. "मोटार चालू होताना जास्त जोर खाती. ऐका, वॅट म्हंजी एका वक्ताला किती ओझं पेलतंय. वॅट-अवर म्हंजी किती येळ पेलतंय. घेताना दोन्ही इचारायचं." त्यांनी सगळ्या दुकानाचीच शिकवणी घेतली.

मोठ्या डब्यावर त्यांचा जीव जडला. मिक्सर, फॅन, वर दुकानातली इस्त्री लावली तरी तो हूं का चूं करेना. "हाच घेऊ!"

तशी शिवलीला पुढं आली. तिनं पदर खोचला आणि डब्याची मूठ धरली. डबा जागचा हलला नाही.

"अवो, तुम्ही दिवसभर गावात. लाईट गेल्यावर ह्यो कोण उचलणार? मी का बाळ?"

मग तिनं मधला उचलला. दुकानाच्या दारापर्यंत नेला, परत आणला, थोडी धाप लागली, पण आणला. त्यावर मिक्सर नीट चालला. धोंडप्पांनी तळहातावर पेननं हिशोब मांडला. एक हजार वॅट-अवर, फॅन पन्नास वॅट. लॉस धरूनही सोळा तास.

"मालकीणबाईंनी निकाल दिला," जाफरभाई हसले.

बाराव्या दिवशी बारसं होतं आणि ऐन दुपारी लाईट गेली. पण पाळण्याजवळचा फॅन फिरत राहिला. स्वयंपाकघरात चटणीचा मिक्सर गरगरला. बायकांनी भराभर मोबाइल पुढं केले तशी शिवलीला म्हणाली, "आधी बाळाचं वारं, मग तुमचं!" सगळ्या खो खो हसल्या आणि पाळणा म्हणायला बसल्या.

धोंडप्पा तेव्हा अंगणात होते. डब्याला जोडलेली सोलार पॅनेलची पाटी उन्हाबरोबर फिरवायचं काम त्यांनी कुणाला दिलं नव्हतं. आतून 'कुर्रर्र' ऐकू आलं, तसे ते अनवाणीच धावत आत आले.

"काय ठिवलं? काय नाव ठिवलं?"

"आजोबाच उशिरा!" उमाबाई ओरडल्या.

भैरवीनं त्यांना शेजारी बसवून बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. "जाई, अप्पा."

"जाई," ते म्हणाले. मग पुन्हा, जरा हळू, "जाई." बाळानं त्यांचं बोट मुठीत पकडलं, आणि बाहेर पाटीवर सावली आली तरी ते उठले नाहीत.