टीव्ही कोण बघतं?

शुद्धलेखन चुकेल, अक्षर तर कोंबडीचे पाय; चौथीनंतर लिहायची वेळच आली नाही. तरी केबलवाल्या भाऊंविषयी लिहिते.

भाऊ मूळचे आंदर मावळातले. वलवणला आमच्या आळीत त्यांचीच केबल. टीव्ही बिघडला म्हणून बोलावलं, तर दारातच विचारायचे, "टीव्ही कोण बघतं?" काय बिघडलंय, ते मागाहून.

सासूबाई आतल्या खोलीत पडून असायच्या. टीव्हीवरचं कीर्तन मिळालं तर बोलायच्या, नाहीतर दिवसभर भिंतीकडे तोंड. पण बाहेरच्या टीव्हीवर ह्यांच्या बातम्या. नणंदेनं तिचा जुना टीव्ही दिला. भाऊंच्या दुसऱ्या सेट-टॉप डब्याची पाचशे रुपये अनामत मी चिक्की पॅकिंगच्या मजुरीतून भरली. "परवा तार वढतो," म्हणून ते डबा आणि तारेचं भेंडोळं ठेवून गेले.

सासूबाईंना दम निघेना. भाऊंना फोन करायची मला लाज. मग मीच बाहेरची तार कापली, तिला दोन्ही टीव्हींच्या तारा पिळून जोडल्या आणि वरून चिक्कीचा चंदेरी कागद गुंडाळला. दोन्हीकडे नुसते चौकोन! संध्याकाळी हे आले की काय होणार, म्हणून शेवटी फोन केलाच.

भाऊ दुपारीच आले. कागद सोडवून हसले. "सूनबाई, शिग्नल काय चिक्की हाय व्हय, कागदात बांधायला?"

मी दाराआड. त्यांनी छोटा स्प्लिटर काढला. एक तार आत, दोन बाहेर. एक टोक स्वतः बसवलं, दुसरं माझ्या हातात दिलं. "तारंवरची जाळी मागं दुमड. मधली तार तांदळाच्या दान्याएवढी बाहेर ठिव. जाळी तिला शिवू देऊ नगं."

मग आत जाऊन सासूबाईंजवळ बसले. "मावशी, दिसतंय का?"

"व्हय रं. बुवाचा फेटासुदिक दिसतोय."

तार भिंतीला ठोकून भाऊ निघाले तोवर संध्याकाळ झाली. दारातच ह्यांनी विचारलं, "भाऊ, आज कसे आलात?" भाऊ म्हणाले, "हिकडनं चाललो हुतो." चिक्कीचा कागद त्यांच्याच खिशात होता.

सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. परवा भाऊ आले, गुडघे धरून पायऱ्या चढत. दारातच विचारलं, "आतला टीव्ही आता कोण बघतं?"

"मी बघते," मी म्हणाले. एवढं स्पष्ट मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

"लाइन दुसऱ्याला दिली. गावाला जातो. त्यो त्याचा डबा दील. तार जोडशील न्हवं?"

"जोडीन."

मी आतला डबा पुसून दिला. अनामतीची पावती कधीच हरवली होती, तसं सांगितलंही. त्यांनी खिशातून पाचशेची नोट काढून माझ्या हातावर ठेवली.