कोऱ्या कापडावरची नक्षी

“डिफेक्ट कहाँ है? उंगली रखके दिखाओ ना!” भिवंडीत कामतघरच्या आमच्या यंत्रमाग कारखान्यातला कारागीर माझ्यावर ओरडत होता. ऐंशीच्या दशकात मी तिथे कापड तपासायचो. माझी नजर अशी, की भिवंडीत तुटलेला धागा मला लांबच्या अंबाडी गावच्या बाजारात बसून दिसायचा. त्या सकाळी साध्या पांढऱ्या कापडावर करवतीच्या दातांसारखी चमचमती नक्षी दिसली आणि मी अख्खा तागा नापास केला.

बोट ठेवायला गेलो, तर नक्षी पुढे सरकली. मान वर केली, तर ती भिंतीवर. आरडाओरडा ऐकून शेठ आले, तर त्यांच्या टकलावर! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अर्धशिशी उठण्याआधी असं दिसतं, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. पण तपासणाऱ्याचे डोळेच थापा मारतात म्हटल्यावर नोकरी राहते कुठे? तरी मी शेठना सगळं सांगून टाकलं, टकलासकट. कारागीर पोट धरधरून हसला.

शेठनी टकलावरून हात फिरवला.

“उद्यापासून आधी भिंत बघायची,” ते म्हणाले, “मग कापड.”