राऊटरची लोखंडी पेटी

आमच्या घरात इंटरनेट होतं, फक्त ते कुलपात होतं.

झालं असं, की उंदरानं राऊटरची वायर कुरतडली. मी जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलचा सुपरवायझर. आमच्याकडं कुठल्याही दुखण्यावर एकच औषध, लोखंड! जाड पत्र्याची पेटी बनवून घेतली, हॉलच्या भिंतीला ठोकली, राऊटर आत ठेवून कुलूप घातलं अन् किल्ली करदोड्याला बांधली. (माणूस हरवला तरच किल्ली हरवणार!) तेव्हापासून उंदराचं येणं बंद झालं अन् नेट मनात आलं तर येऊ लागलं.

पेटीमुळं तर असं होत न्हाई ना, असं बायको, म्हणजे मंगल, म्हणून बघायची. मी तिला समजावलं, की वायर भोकातून बराबर आत गेलीये, मंग नेट अडणार कुठं? कंपनीचा माणूस आल्ता, तेव्हा मी नेमका ड्यूटीवर. बाहेरची लाइन ठीक हाये, राऊटर बदला, असं सांगून तो गेला. मला तेवढंच पाहिजे होतं. दोन अँटेनाचा काढून चारचा आणला. नेट तसंच. मंग सहाचा आणला. तो पेटीत बसंना, म्हणून मी पेटीच मोठी करून घेतली! दुकानदारानं विचारलं, घर केवढं? मी म्हणलं, दोन खोल्या. तो बिचारा डोकं खाजवत राह्यला. शेवटी त्यानं सिग्नल वाढवायचा बूस्टर दिला. तो मी कुठं ठेवला असंल? बराबर. महागाची वस्तू, अशी उघड्यावर कशी ठेवायची!

अशात आमच्या पल्लवीचा पुण्याच्या कंपनीत इंटरव्ह्यू ठरला, व्हिडिओवर. पोरगी कधीपासून अर्ज करून राह्यलती, अन् हे पहिलंच बोलावणं. आमच्या गल्लीत मोबाईलची रेंज नावालाच, सगळी भिस्त वायफायवर. म्हणून ती पेटीच्या खालीच, भिंतीकडं पाठ करून बसली. पहिल्याच प्रश्नाला लॅपटॉपवरचे तिन्ही साहेब उघड्या तोंडानं थिजले. पल्लवीच्या डोळ्यात पाणी आलं.

"अहो, ती पेटी उघडा," मंगल म्हणाली.

"उंदीर आला मंग?"

"येऊ द्या. त्याला मी जेवायला वाढते. पोरीची नोकरी चालली, तुम्ही पेटी उघडा."

करदोड्याची गाठ सुटंना. (पोट जरा पुढं आल्तं.) कात्री आमच्या घरात गरजेच्या वेळी कधीच सापडत न्हाई. मंग पल्लवीच्या मागं स्टूल घेऊन चढलो, शर्ट गळ्यापर्यंत वर केला अन् पोटासकट कुलपाला भिडलो. खुट्ट झालं! पेटी उघडली अन् कोंडलेलं सगळं नेट एकदम बाहेर आलं. मी आनंदानं वळलो. स्क्रीनवर खाली पल्लवीचं तोंड, वर माझं उघडं पोट, अन् पोटाला किल्लीसकट लटकलेलं कुलूप. माझं मुंडकं तेवढं चौकटीबाहेर.

एका साहेबानं हळूच विचारलं, "मागे काय चालू आहे?"

पल्लवीनं वर बघितलं सुद्धा न्हाई. "सर, नेटवर्कची अडचण होती. आत्ताच सुटली."

नोकरी लागली! अडचणीत डोकं शांत ठेवते, म्हणून घेतलं म्हणे. आता तिचे साहेब कामानिमित्त जालन्याला येऊन राह्यले, अन् मंगलनं त्यांना जेवायला बोलावलंय. पल्लवीला माझी काळजी लागलीये. मी बिलकुल घाबरलो न्हाई. शर्ट नीट खोचून बसलो, की ते मला वळखायचे न्हाईत.