छापल्यासारखी अक्षरं

गल्लीत सगळे त्याला पेंटर म्हणत. पण तो घरं रंगवणारा पेंटर नव्हे, अक्षरं लिहिणारा. आणि कुणी हे विसरून "आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीचं बघा की" म्हटलं, की त्याचं डोकं फिरे. दुकानांच्या पाट्या, डॉक्टरांच्या वेळा, फाटकांवरचं 'येथे गाडी लावू नये' अशा सगळ्यावर त्याचा हात फिरलेला होता. दोरी ताणून रेघ मारायची, काठीवर मनगट टेकवायचं आणि श्वास रोखून एका दमात अक्षर उतरवायचं. खाली उभं राहिलेलं गिऱ्हाईक मान वर करून एकच गोष्ट बोले, "वा पेंटर! अगदी छापल्यासारखं!" याहून मोठं कौतुक पेंटरला माहीत नव्हतं, आणि नकोही होतं.

मग छापणारं मशीनच आलं, आणि तेही त्याच्याच घरात. मुलानं मागच्या खोलीत फ्लेक्सचा धंदा मांडला. गिऱ्हाईक चहा पिऊन होईतो त्याची पाटी तयार. पुढच्या खोलीत पेंटरचे डबे, ब्रश, शिड्या होत्या, पण तिथे आता जो येई तो दारातूनच विचारी, "मुलगा आहे का घरात?" मुलाला आणखी एक, मोठं मशीन घ्यायचं होतं. ते मावेल अशी जागा एकच होती, बापाची खोली.

"बाबा, मला भांडायचं नाही," एका संध्याकाळी मुलगा म्हणाला. "त्या पर्यावरणवाल्यांचा उत्सव आहे मोठ्या मैदानावर. त्यांना फ्लेक्सचा वाससुद्धा चालत नाही. मला दारातही उभं केलं नाही. मग मी तुमचं नाव सांगितलं. काम आवडलं तर वर्षभर, जिथे जिथे त्यांचा उत्सव होईल तिथल्या पाट्या तुम्हालाच. तसं झालं तर खोली तुमची, मी परत तोंड उघडणार नाही. नाही झालं तर..."

"तर आण ते धूड माझ्या छातीवर," पेंटर म्हणाला.

उत्सवाच्या संयोजक बाईंनी जाडंभरडं कापड पाठवलं आणि रंग म्हणून माती, काजळी आणि डिंकाची पुडकी. ऑइलपेंट विषारी, ब्रशही शक्य तर झाडाच्या काडीचा वापरावा, अशी सूचना. काडीनं पेंटरनं कान कोरला आणि ब्रश आपलाच घेतला. माती गाळली, पुन्हा गाळली, डिंक एकजीव होईतो घोटली. आणि त्या गोणपाटासारख्या कापडावर अशी अक्षरं उतरवली की बायकोही पदराला हात पुसत दारात थांबली.

"आता जेवायला या," ती म्हणाली. "अक्षरं काही पळून जात नाहीत."

उत्सवाच्या दिवशी पेंटरनं इस्त्रीचा शर्ट घातला. पाट्या पाहायला मोठी माणसं येतील, तुम्हीही या, असं बाईंचं निमंत्रण होतं. मुलानं दोघांना टेम्पोतून मैदानाच्या कडेला सोडलं. पुढचा रस्ता चालत काढावा लागला, कारण निसर्ग वाचवायला आलेल्यांच्या मोटारींनी तो गच्च भरला होता. फाटकावर एका मुलीनं बायकोच्या हातातली प्लास्टिकची पिशवी काढून घेतली.

"आजी, ही आत चालत नाही. ही घ्या नवी कापडी."

"अगं मुली, ही पिशवी तुझ्यापेक्षा वयानं मोठी आहे! दर आठवड्याला धुते मी ती."

मुलीनं गोड हसून पिशवी पिंपात टाकली. बायकोनं नाक मुरडलं, पण नवी पिशवी घेतली. फुकट होती.

आत गंमतच होती. कमी वस्तूंत कसं जगावं हे शिकवणाऱ्या गाळ्यावर एवढी झुंबड, की लोक दोन्ही हातांत मावणार नाही इतकं सामान घेऊन बाहेर पडत होते. बांबूचा कंगवा, बांबूचा चमचा आणि ते दोन्ही ठेवायला बांबूची पेटी. एकीकडे सायकल मारून फळांचा रस काढून देत होते. एक सुखवस्तू गृहस्थ घामानं निथळेपर्यंत पेडल मारत होता, आणि त्याच्या बायकोच्या पेल्यात तळ झाकेल एवढा रस जमला होता.

"यापेक्षा मी हातानं पिळून दिला असता," पेंटरची बायको म्हणाली.

"तुझं पिळणं जगाला कधी कळलं नाही," पेंटर म्हणाला.

"तुम्हाला तरी कळलंय ना? तेवढं पुरे."

मांडवात एक पाहुणे शांततेचं महत्त्व सांगत होते. ते नीट ऐकू यावं म्हणून चारी कोपऱ्यांत कर्णे बांधले होते, आणि ते कर्णे चालावेत म्हणून मांडवामागे डिझेलचं जनरेटर धडधडत होतं. पेंटरला या सगळ्याशी काही कर्तव्य नव्हतं. तो आपल्या मोठ्या पाटीसमोर जाऊन उभा राहिला. पाटी मांडवाच्या दर्शनी बाजूला लावली होती आणि लांबूनही लख्ख वाचता येत होती. त्याच्या जिवाला बरं वाटलं. खोली वाचली, असं त्याच्या मनानं घेतलं.

इतक्यात एक दाढीवाला तरुण गळ्यातला कॅमेरा सावरत ओरडला, "ही काय थट्टा आहे? प्लास्टिकविरोधी उत्सव आणि दारावर फ्लेक्स?"

लोक गोळा झाले. कुणी फोटो काढले, कुणी ते तिथल्या तिथे जगाला पाठवले. कापडाला हात लावून बघण्याचे कष्ट मात्र कुणी घेतले नाहीत. संयोजक बाई धावत आल्या, त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी खूण केली आणि दोघे स्वयंसेवक पाटीच्या दोऱ्या सोडायला लागले.

"हात लावू नका!" पेंटर पुढे झाला. "फ्लेक्स नाहीये तो. मी लिहिलंय ते."

"हातानं?" दाढीवाला हसला. "काका, कुणाला सांगताय? हातानं इतकं सरळ येऊच शकत नाही."

खरं सांगायचं तर पेंटरला क्षणभर बरंच वाटलं. एवढ्या वर्षांत इतकी पक्की पावती कुणी दिली नव्हती. पण पाटीचा एक कोपरा खाली लोंबला तेव्हा तो भानावर आला. शब्दानं कुणाची खात्री पटणार नव्हती. त्यानं अंगठा जिभेला लावला, आणि सगळ्यांत सुबक जमलेल्या अक्षरावरून दाबून फिरवला. मातीचा रंग फराटा होऊन पसरला.

गर्दीनं टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात दाढीवाल्यानं, जणू काही शोध त्यानंच लावला होता. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या फराट्याकडे मान कलती करून बघत राहिल्या.

"किती सुंदर!" त्या म्हणाल्या. "आता कसा माणसाचा हात दिसतो. काका, वर्षभराचं काम तुमचं, ठरलं! फक्त सगळ्या पाट्या अशा करा. जरा वाकड्या, जरा पुसट. इतकं सरळ असलं की लोकांना खरं वाटत नाही हो."

"मुद्दाम वाकडं काढू?"

"मुद्दाम नाही, सहज."

"सहज मला सरळच येतं, बाई."

बायकोनं मागून त्याचा शर्ट ओढला. "हो म्हणा की!" ती कुजबुजली. "वाकडं काढायला काय लागतं? खोली वाचतेय."

बाईंनी कापडाचा एक तुकडा मागवला आणि रंगाची वाटी त्याच्या पुढ्यात ठेवली. पेंटरनं ब्रश बुडवला. पहिलं अक्षर सवयीनं ताठ उभं राहिलं. बाईंनी नाही म्हणून मान हलवली. दुसऱ्याला त्यानं दातओठ खाऊन मनगट पिरगाळलं, आणि अक्षर असं उमटलं की जणू अंगात ताप भरलाय आणि भिंत धरून चाललंय. लहानपणी उस्तादाकडे शिकताना असल्या एका अक्षरापायी त्याला थोबाडीत बसली होती आणि अख्खी पाटी पुन्हा घासून काढावी लागली होती.

"अप्रतिम!" बाई म्हणाल्या. "अगदी हेच हवंय!"

म्हणजे करता येत होतं. खोली राहणार होती, डबे जागच्या जागी राहणार होते, मुलगा तोंड बंद ठेवणार होता. त्यासाठी मरेपर्यंत ती तापातली अक्षरं काढायची, आणि या मंडळींकडून टाळ्या घ्यायच्या. पेंटरनं ब्रश पाण्यात धुतला, बोटांनी पिळून केस सरळ केले आणि खिशात ठेवला.

"बाई, हे तुमच्या इथला कुणीही करेल," तो म्हणाला. "त्या सायकलवाल्याला सांगा. तो दमला असेल."

संध्याकाळी मुलगा टेम्पो घेऊन आला तेव्हा आई पुढे बसली, आणि बसताना दार जरा जास्तच जोरात आपटलं.

"काय झालं? मिळालं का?"

"मिळालं होतं," आई म्हणाली. "तुझ्या बापानं लाथाडलं. त्यांना वाकडी अक्षरं हवी होती आणि यांचा हात वाकत नाही. मानेसारखाच आहे तो."

मुलानं सुरू केलेला टेम्पो बंद केला. "बाबा, म्हणजे मग खोलीचं..."

"उद्या मोजमाप घ्यायला माणूस बोलाव."

"अहो, पण थोडं वाकडं लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"तुझं मशीन लिहितं का वाकडं?"

"मशीनला कसं येईल?"

"मग येऊ दे त्याला आत. त्या बाईंपेक्षा ते बरं."

मग बायकोनं मागे न बघताच विचारलं, "आणि तुम्ही कुठे बसणार? रस्त्यावर?"

"त्याच्या शेजारी. परवाच्या त्या औषधांच्या दुकानाच्या पाटीत यानं दोन शब्दांमध्ये हत्ती जाईल एवढी जागा सोडलीय. रोज जाता-येता बघतो मी."

"ती मशीननं सोडली, बाबा."

"मशीनला कोण सांगतं, तूच ना? मग आता मी सांगेन. चल, काढ गाडी."

मुलानं आईकडे पाहिलं. आईनं कपाळाला हात लावला, आणि टेम्पो चालू झाला.