शेवटच्या पंगतीतला संगणक

ब्रह्मपुरीच्या कॉलेजात मी नेटवर्क सांभाळायचो, ते दिवस आठवले की अजून जीव हळवा होतो. इंटरनेटची लाइन एकच, आणि तिच्यावर अख्खं कॉलेज. शिष्यवृत्तीचे फॉर्म सुरू झाले की सगळं ठप्प. म्हणून एक नवीन यंत्र घेतलं. कोणत्या संगणकाला आधी वाट द्यायची आणि कोणाला किती वेग, हे त्यात ठरवून देता येई. मी तीन वर्ग पाडले आणि स्वतःला तहसीलदार समजू लागलो.

पहिल्या वर्गासाठी सगळे भांडले. भांडल्या नाहीत त्या फक्त ग्रंथालयात पुस्तकं काढून देणाऱ्या बाई. वैनगंगेकाठच्या गावाहून रोज जीपने यायच्या. म्हणाल्या, "घरच्या माणसानं आधी जेवाचं नसते, भाऊ. पोरं पाहुणे आहेत. मले सगळ्याच्या मागं टाका." आमच्याकडे पंगतीची रीतच ती, मलाही पटलं. विद्यार्थ्यांना पहिला वर्ग दिला, बाईंना तिसरा.

पुढे पन्नाशीत बाईंनी ग्रंथालयाचा अभ्यासक्रम केला. लेखी पेपर निघाले. राहिली तोंडी परीक्षा, ती त्यांच्याच संगणकावर, व्हिडिओवरून. पास झाल्या तर सहायक ग्रंथपाल, नाहीतर निवृत्तीपर्यंत पुस्तकांवरची धूळ झटकणं. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी गाढवासारखा मी वर्ग बदलायला विसरलो, आणि नेमकी त्या दिवशी फॉर्मची शेवटची तारीख.

ग्रंथालयाच्या दारातून पाहिलं तर पडद्यावरचे परीक्षक अर्धवट तोंड उघडून थिजलेले, आणि बाई त्या थिजलेल्या चेहऱ्याला मन लावून उत्तरं देत होत्या. धावत जाऊन त्यांचा संगणक पहिल्या वर्गात टाकला. परतलो तेव्हा परीक्षक सांगत होते, काहीच ऐकू आलं नाही. बाईंनी पदर सावरला आणि पहिल्या उत्तरापासून पुन्हा सुरुवात केली. आवाजात राग नाही, घाई नाही. मीच बाहेर उभा राहून डोळे पुसले.

बाई पास झाल्या. पेढे घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, "आता मले मागं करून द्या, भाऊ. पोरायचं काम अडून राह्यलं असन." मी हो म्हटलं.

केलं मात्र नाही. कॉलेज सोडेपर्यंत त्यांना पहिल्याच वर्गात ठेवलं. फॉर्मच्या गर्दीतही आपलं काम झटपट होतं म्हणून त्या यंत्राचं कौतुक करायच्या, आणि मी मान डोलवायचो.