आसरूमामांची वळणं

आसरूमामांच्या रानात त्यांच्या पुढे कुणी चालायचं नाही, असा नियम होता. सरपंच असो, साहेब असो की गावचा नवा जावई असो. कुणी दोन पावलं पुढे गेलंच, तर मामा काठी आडवी धरायचे. "मागं व्हा. वाट माझ्या वळखीची हाये, तुमच्या न्हाई." मग घसा खाकरून स्वतः पुढे व्हायचे. पहिल्या भेटीत मलाही त्यांनी असंच मागे सारलं. मी पंचविशीचा, नवा मास्तर, डोक्यात हवा. मला रागच आला होता. मामा जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, तरी ती आडवी काठी डोळ्यांसमोरून हलत नाही.

चौऱ्याऐंशी सालच्या सुमाराची गोष्ट. केदारखेड्याच्या पुढे पूर्णेकाठच्या एका गावी मी माध्यमिक शाळेत चित्रकला आणि भूगोल शिकवत होतो. नदीलगतच्या गायरानात सरकारने झाडं लावली होती. कडुनिंब, करंज, शिसू आणि काठाला बांबूचं बेट. आसरूमामा तिथले रोजंदारीवरचे राखणदार. बुटके, काटक, खांद्यावर मळकं उपरणं. पगार राखणीचा मिळायचा, पण वाटा पाडायचं काम त्यांनी आपल्या मनानेच अंगावर घेतलं होतं.

त्यांची रीतही न्यारी. आधी फावड्याला हात लावायचा नाही. अख्खा पावसाळा नुसतं बघत बसायचं. धुणं घेऊन बाया कुठून उतरतात, म्हातारी माणसं कुठे टेकतात, शेळ्या कुठून पाण्यावर जातात. दिवाळी झाली की त्या पाऊलखुणांच्या दोन्ही अंगांना नदीतले गोटे लावायचे. "वाट आपण करत न्हाई, गुरुजी. पाय करून राह्यले. आपण फकस्त गोटे ठिवायचे." अशा त्यांनी तीन वाटा केल्या होत्या. एक धुण्याची. एक म्हाताऱ्यांची, सगळी सावलीतली. तिसरी बांबूच्या बेटाला वळसा घालून होती तिथेच परत यायची. ती कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "बिनकामाची बी एक वाट पाह्यजे. न्हाई तर माणसाचा बैल व्हतो."

माझी बायको सात महिन्यांची गरोदर होती आणि डॉक्टरांनी तिला रोज चालायला सांगितलं होतं. संध्याकाळी आम्ही म्हाताऱ्यांच्या वाटेने जायचो. मामा आमच्या आधी ती वाट फिरून काटे वेचून ठेवायचे. हे त्यांनी कधी सांगितलं नाही. एकदा लवकर गेलो तेव्हा ते वाकलेले दिसले, म्हणून कळलं.

त्यांची एकही वाट वीस पावलं सरळ नव्हती. प्रत्येक वळणावर एखादा निंब नाही तर मोठा धोंडा मुद्दाम ठेवलेला. मी कारण विचारलं तेव्हा पोट धरून हसले. "तुम्ही शिकेल माणसं, अन् येवढं कळंना? माणूस वळतो, गाडी वळत न्हाई. गाडी आत आली की तिच्या मागं कुऱ्हाड येती. बिलकुल येती." हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. पुढे जे केलं ते अज्ञानाने केलं, असं म्हणायची सोय मला नाही.

नव्वद साल उलटलं. जालन्याला बदली मिळावी म्हणून मी तीन वर्षं अर्ज करत होतो. अशात भागातल्या एका पुढाऱ्याने मला बोलावून घेतलं. रानाचं उद्यान करायचं म्हणाला. "नकाशा तुम्हीच काढा, गुरुजी. फक्त वाट सरळ दावा. गाडी नदीपर्यंत गेली पाह्यजे. तुमच्या बदलीचं आपण बघून घेऊ." नदीपर्यंत गाडी कशाला हवी, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पूर्णेत वाळू होती.

रविवारी दुपारी मी कागदावर पट्टी ठेवली आणि फाटकापासून पाण्यापर्यंत एक रेघ ओढली. दोन्ही बाजूंना हिरवी झाडं रंगवली. चित्र फार देखणं झालं होतं, याची आजही लाज वाटते. गावकऱ्यांच्या सह्या हव्या होत्या, आणि आसरूमामांनी अंगठा दिल्याशिवाय कुणी सही करेना. मी कागद घेऊन रानात गेलो. मामांनी हिरव्या रंगावरून बोट फिरवलं.

"झ्याक काढलं. ही रेघ कशाची?"

"पाइपलाइनची, मामा. झाडांना पाणी येणार आहे."

"अन् वाटा? वळणं घेतले ना?"

"त्या दुसऱ्या कागदावर आहेत. सगळी वळणं घेतली आहेत."

"तुम्ही म्हन्ता म्हंजे बराबर," म्हणून त्यांनी अंगठा उठवला. अंगठ्याची शाई मी माझ्या रुमालाने पुसली.

जूनमध्ये माझी बदली झाली. दिवाळीनंतर रानात मशीन शिरलं. वळणावरचे निंब आधी गेले. मग वाळूचे ट्रॅक्टर सुरू झाले आणि मामा म्हणाले होते तशी त्यांच्या मागून कुऱ्हाड आली. हे सगळं मला जालन्याच्या स्टँडवर भेटणारी गावची माणसं सांगायची. मी 'अरेरे' म्हणायचो आणि चहा पाजायचो.

दहाएक वर्षांनी एका विद्यार्थ्याच्या लग्नाला गावी गेलो. राहवलं नाही, म्हणून दुपारचा नदीकडे निघालो. रानाच्या जागी उघडा माळ होता, आणि फाटकाच्या उरलेल्या खांबाला टेकून मामा बसले होते. मी हाक मारली. त्यांना दिसत कमी होतं, पण आवाज ओळखला.

"गुरुजी का? कवा आल्ते?"

"सकाळीच. चला मामा, नदीपर्यंत जाऊ."

ते काठीवर रेटा देऊन उठले. मी सवयीने मागे थांबलो. पण तेही जागचे हलले नाहीत.

"तुम्ही म्होरं व्हा."

"मामा, पुढे तुम्हीच चालायचं ना?"

"माझ्या वाटंवर मी म्होरं व्हतो. ही तुमची हाये." मग तोंडावर कसलाही राग न आणता म्हणाले, "पाइपलाइन न्हाई का ही? तुम्हीच सांगितलं व्हतं."

मी पुढे झालो. रस्ता सरळ होता, सावली कुठेच नव्हती. मागून काठीचा आवाज नदीपर्यंत येत राहिला आणि मला एकदाही मागे वळून बघता आलं नाही.